कोड वाचला, कोडं सुटलं नाही

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकाची अडचण, थोडक्यात : वय ५२. चार वर्षांपूर्वी मुलीच्या कॉलेजची फी मार्गी लागल्यावर त्यांनी २००४ सालची बीएमडब्ल्यू झी-फोर ३.०आय घेतली. दोन सीटची, छत उघडणारी, सहा गिअरची मॅन्युअल. आता ९८,००० मैल झालेत. दिवाळीच्या सुमारास 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर दोन कोड आले : पी०१७१ आणि पी०१७४. गॅरेजने पुढचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलले. दिवा पुन्हा लागला. मग त्यांनी स्वतः ऑनलाइन स्वस्तातला एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) मागवून बसवला. दिवा पुन्हा लागला. आतापर्यंत अकराशे डॉलर गेले. दर वेळी ते कोड पुसतात आणि चार-पाच दिवसांनी दिवा परत येतो. आता गॅरेज पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलायला सांगतंय, आणि त्यानेही भागलं नाही तर एक्झॉस्टचा वायू स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पुढच्या महिनाअखेरीस सरकारी इन्स्पेक्शन आहे. पत्नी म्हणते, वीस वर्षांहून जुनी गाडी आहे, विकून टाका. सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, ठेवा. त्यांनी विचारलंय : "इंजेक्टरवर पैसे घालू की गाडी विकू? आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी कोड पुसून गेलो तर चालेल का? जाता जाता सांगतो, थँक्सगिव्हिंगला बॉस्टनला जाऊन आलो तेव्हा साडेचारशे मैलांत दिवा लागला नाही. घरी आल्यावर स्टेशनच्या आणि दुकानाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि लागला."

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. बॉस्टनची फेरी तुम्ही जाता जाता सांगितलीत, पण आतापर्यंत बदललेल्या सगळ्या पार्टांनी मिळून जेवढं सांगितलं नाही तेवढं ती एकटी सांगते. तिच्याकडे वळतोच. त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तुमचे पैसे गेले ते गाडी जुनी आहे म्हणून नव्हे, आणि गॅरेजवाल्याने फसवलं म्हणूनही बहुधा नव्हे. गाडीने तक्रार सांगितली आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्या तक्रारीलाच निदान समजलात.

मीही हे केलं आहे. गॅरेजमध्ये नवा असताना एका सहा सिलिंडरच्या गाडीचे ऑक्सिजन सेन्सर मी महिन्याभरात दोनदा बदलले. पहिली नवी जोडीच खराब निघाली, असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं आणि माझा त्यावर विश्वासही होता. सेन्सर सगळे चांगले होते. सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, हात जेमतेम पोचेल अशा जागी एक रबरी पाइप फाटलेला होता. त्या गिऱ्हाइकाचे पैसे मी परत केले, त्याचा गेलेला महिना परत करता आला नाही. तेव्हापासून कोड वाचला की मी आधी हात खिशात ठेवतो आणि विचार करतो.

तुमचा कोड नेमकं काय म्हणतो ते बघू. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे. त्यानंतरचा १ म्हणजे हवा आणि इंधन यांच्या मोजमापाची बाब. पी०१७१ चा पूर्ण अर्थ एवढाच : बँक १ मध्ये, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या गटात, मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पी०१७४ म्हणजे तेच, बँक २ मध्ये. कुठला पार्ट गेला हे यात कुठेही लिहिलेलं नाही.

ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या वाटेवर बसलेला असतो आणि जळून आलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरलाय एवढंच बघतो. जास्त उरला, तर आत हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं. हे कळलं की इंजिनचा कॉम्प्युटर इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडे ठेवतो. भागलं नाही तर आणखी जरा. या वाढीला फ्यूएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात. धडधाकट इंजिनात ती शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडे-तिकडे असते. वाढवत वाढवत २० ते २५ टक्क्यांच्या घरात गेली की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर हात टेकतो आणि दिवा लावतो. म्हणजे तुमच्या ऑक्सिजन सेन्सरांनी बहुधा त्यांचं काम चोख केलं, म्हणूनच तुम्हाला हा कोड दिसला. आणि आपण बदलले तेच.

आता दुसरं गृहीतक. दोन कोड, म्हणजे दोन बिघाड, असं तुमच्या पत्रात गृहीत धरलेलं दिसतं. तुमचं इंजिन एम५४, २,९७९ सीसीचं, सहा सिलिंडर एका रांगेत. एक्झॉस्टसाठी मात्र त्याचे दोन गट आहेत : १ ते ३ सिलिंडर बँक १, ४ ते ६ बँक २. प्रत्येक गटाचा एक्झॉस्ट वेगळा, सेन्सर वेगळे. या दोन्ही गटांनी एकाच वेळी, एकाच प्रकारची तक्रार केली असेल तर शंका अशा जागेची घ्यायला हवी जिच्यातून दोघांनाही पुरवठा होतो. बिल्डिंगमधल्या एका घरी पाणी कमी आलं तर त्या घरचा नळ बघायचा. सगळ्या घरी कमी आलं तर गच्चीवरची टाकी.

या एका विचाराने गॅरेजचे दोन्ही प्रस्ताव मागे पडतात. सहाही इंजेक्टर एकाच आठवड्यात सारख्याच प्रमाणात चोंदणं अवघड आहे. एखाद-दुसरा चोंदला असता तर बहुधा त्याच सिलिंडरच्या मिसिंगचा, म्हणजे पेट्रोल नीट न पेटण्याचा, कोड दिसला असता, पी०३०१ ते पी०३०६ पैकी कुठला तरी. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर हवा-पेट्रोलच्या वाटेच्या पार शेवटी आहे. जळून झालेला वायू त्याच्याकडे जातो. तो कामातून गेला तर पी०४२० किंवा पी०४३० येतो. तुमच्याकडे तो कोड नाही. या इंजिनात कन्व्हर्टर एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच घडवलेले आहेत, त्यामुळे ते बदलणं फार महाग पडतं. त्याला आत्ता स्पष्ट नाही म्हणा.

आता बॉस्टन.

घरी चार माणसांचा स्वयंपाक केलाय आणि न सांगता दोन पाहुणे जेवायला आले. ताटं वाढताना लगेच कमी पडतं. तेच दोन पाहुणे चारशेच्या लग्नाच्या पंगतीत बसले तर कुणाला कळतही नाही. तुमच्या इंजिनात हवेची मोजणी दारातच होते, एअरफ्लो सेन्सरपाशी. त्या मोजणीवरून पेट्रोल ठरतं. पण दाराच्या पुढे कुठे रबर चिरलं असेल तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते. इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असतं तेव्हा थ्रॉटल, म्हणजे हवेची मुख्य झडप, जवळजवळ बंद असतो, आत ओढ जबरदस्त असते आणि एकूण हवा अगदी थोडी असते. तेव्हा ही चोरटी हवा फार मोठा हिस्सा होऊन बसते. हायवेवर इंजिन कितीतरी पट हवा घेतं, ओढही कमी होते. फट तीच, पण आता ती चारशेच्या पंगतीतले दोन पाहुणे.

स्टेशनच्या फेऱ्या, सिग्नल, दुकानासमोर चालू ठेवलेलं इंजिन : दिवा लागतो. साडेचारशे मैल सरळ हायवे : लागत नाही. तुमच्या गाडीने हे स्वच्छ सांगितलंय. पुण्याच्या गॅरेजमध्ये याला 'एअर घेतंय' म्हणतात, आणि मी पैज लावणाऱ्यांतला नाही, पण तपास इथूनच सुरू करायला सांगेन.

उलट असतं तर? पाहुणे मोजणाराच दर चार माणसांत एक विसरत असेल, तर घरच्या जेवणात एकाच ताटाची ओढाताण होते आणि मोठ्या पंगतीत शंभर माणसं उपाशी राहतात. मळलेला किंवा नकली एअरफ्लो सेन्सर साधारण असा वागतो. पेट्रोलचा पंप थकला असेल, फिल्टर चोंदला असेल, तर तेही हायवेवर, चढावर, पिकअप मागितल्यावर जास्त उघडं पडतं. या इंजिनाला साडेतीन बार दाब लागतो. फ्यूएल रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा छोटा व्हॉल्व्ह आहे, तिथे गेज लावून तो पाच मिनिटांत मोजता येतो. तुमच्या बाबतीत शंका कमी आहे, तरी मोजून घ्यायला हरकत नाही.

अंदाज पक्का करायला तुमच्याच स्कॅनरवर चार आकडे लागतात. आजवर तुम्ही त्याच्यावर कोड वाचलात आणि पुसलेत. त्यातच 'लाइव्ह डेटा' असतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, गाडी उभी असताना, आयडलला दोन्ही बँकांचा लाँग टर्म फ्यूएल ट्रिम लिहून घ्या. त्याच्या शेजारी शॉर्ट टर्म ट्रिमही असतो. तो सतत हलतो, त्याची सरासरी डोळ्यांनी धरा आणि दोन्हींची बेरीज करा. मग रेस देऊन इंजिन अडीच हजार आरपीएमवर अर्धा-एक मिनिट धरा आणि पुन्हा तसंच लिहा. आयडलला बेरीज १८-२० आणि अडीच हजारला ५-६ आली, तर हवा शिरते आहे. दोन्हीकडे सारखी किंवा रेसबरोबर चढती आली, तर मोजणी किंवा पेट्रोलचा पुरवठा बघायचा. हायवेवरचे आकडेही मोलाचे, पण ते तुम्ही चालवत असताना शेजारी बसलेल्या मुलाने लिहायचे. चालवता चालवता स्कॅनरकडे बघू नका.

हे करेपर्यंत कोड पुसू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दिवा लागतो त्या क्षणी कॉम्प्युटर एक नोंद करून ठेवतो, 'फ्रीझ फ्रेम' नावाने : तेव्हा आरपीएम किती होते, इंजिन किती गरम होतं, वेग किती, ट्रिम किती. घटनास्थळाचा तो पंचनामा आहे. कोड पुसला की पंचनामाही जातो. शिवाय कॉम्प्युटरने दिवसेंदिवस शिकलेली ट्रिम शून्यावर येते. त्यानंतर ती पुन्हा हळूहळू चढत मर्यादेला भिडते, त्यात तुमचे चार-पाच दिवस जातात. दर वेळी पार्ट बदलल्यावर 'या खेपेला गेला वाटतं' असं जे वाटायचं, ते या चार-पाच दिवसांमुळे. पार्टाने काहीच केलेलं नव्हतं.

इन्स्पेक्शनच्या सकाळी कोड पुसून जायच्या विचाराचं उत्तरही इथेच आहे. नाही चालणार. न्यू जर्सीत तुमच्या गाडीचं इन्स्पेक्शन म्हणजे प्रदूषणाची तपासणी, आणि १९९६ पासूनच्या गाड्यांची ती याच कॉम्प्युटरला जोडून होते. तिथे दिवा बघतात, त्याबरोबरच 'रेडिनेस मॉनिटर'ही बघतात, म्हणजे गाडीने आपल्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का. कोड पुसला की या चाचण्याही कोऱ्या होतात. २००१ पासूनच्या गाडीला एकच चाचणी अपुरी असलेली चालते. सकाळी पुसून गेलात तर दिवा बंद असूनही परत पाठवतील. दुरुस्तीनंतर कोड जरूर पुसा, पण तपासणीला जायच्या आधी आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवा : रात्रभर थंड झालेल्या इंजिनाने सुरुवात, थोडा वेळ आयडल, थोडं गावातलं, थोडं हायवेवर एका वेगात. टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा, नाहीतर पेट्रोलच्या वाफेची चाचणी होतच नाही. मग स्कॅनरवर 'रेडी' दिसलं की जा. म्हणजे तारखेच्या निदान दोन आठवडे आधी दुरुस्ती उरकायला हवी. आजच्या घडीला तुमच्याकडे तेवढा वेळ आहे.

आता हवा शिरते कुठून. या इंजिनाच्या बाबतीत मी ज्या क्रमाने बघतो तो सांगतो.

सगळ्यात आधी एअरफ्लो सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या दोन रबरी नळ्या. त्यांना हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असतात. वीस वर्षांच्या उष्णतेने रबर ताठ होतं आणि घडीच्या तळाशी चिरतं, विशेषतः खालच्या नळीत आणि आयडल व्हॉल्व्हकडे जाणारा फाटा जिथे जोडला जातो तिथे. नुसतं वरून बघून ही चीर दिसत नाही. नळी काढून, हाताने ताणून, उजेडासमोर धरावी लागते. इंजिन रेसला हलतं तेव्हा चीर उघडते, बंद असताना मिटते. नळ्या महाग नाहीत, आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरता येणाऱ्या माणसाला त्या घरी बदलता येतात.

दुसरं, मॅनिफोल्डच्या बाजूला बसलेला डिसा व्हॉल्व्ह. इंजिनाच्या वेगाप्रमाणे हवेची वाट बदलणारी ती एक झडप आहे. तिच्याभोवतीचं रबरी सील चपटं आणि कडक होतं, तिथून हवा शिरते. ही झडप काढली की तिची पिनही बघून घ्या. पिन झिजून सुटली तर तुकडे सरळ इंजिनात जातात आणि मग ट्रिमची चिंता करायला इंजिन उरत नाही. ती ढिली वाटली तर वाट बघू नका, बदलाच.

तिसरी जागा माझ्या मते तुमच्याकडे सगळ्यात संशयास्पद आहे : क्रँककेस व्हेंटिलेशन, गॅरेजच्या भाषेत ब्रीदर. इंजिनाच्या पोटातल्या वाफा ओढून, त्यातलं ऑइल वेगळं करून त्या परत जाळायला पाठवणारा हा व्हॉल्व्ह आणि त्याचे पाइप मॅनिफोल्डच्या खाली असतात. प्लास्टिक ठिसूळ होतं, आतला पडदा फाटतो. तुमच्या हिवाळी छोट्या फेऱ्या त्याला सगळ्यात वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, पाण्याची वाफ ऑइलमध्ये मिसळून ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट फेस होतो, आणि कडक थंडीत तो या पाइपांत गोठतो. तो गोठून वाट बंद झाली आणि ऑइल उलटं इंजिनात ओढलं गेलं तर इंजिनाचं मोठं नुकसान होतं. म्हणूनच थंड प्रदेशांसाठी याचे अस्तर घातलेले पाइप मिळतात. न्यू जर्सीत तेच घ्या. घरच्या घरी एक खूण बघता येते : इंजिन आयडलला असताना ऑइलचं झाकण उचला. हलकी ओढ जाणवली तर ठीक. झाकण चिकटून बसलं, शिट्टीसारखा आवाज आला, उचलताना जोर लागला, तर पडदा फाटल्याचा दाट संशय. झाकणाच्या आतल्या बाजूला तो पिवळा फेस दिसतो का तेही बघा.

याखेरीज मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाच्या छोट्या रबरी टोप्या, ब्रेक बूस्टरकडे जाणारा पाइप, ऑइलच्या झाकणाचं आणि डिपस्टिकचं सील. सगळं एकेका हाताने शोधत बसण्यापेक्षा स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये अगदी हलक्या दाबाने धूर सोडतात. जिथून धूर बाहेर येतो तिथून हवा आत जाते. तासाभराचं काम आहे. इंजिन चालू ठेवून इकडे-तिकडे कार्ब क्लीनर फवारायचा आणि आवाज बदलतो का बघायचं, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. गरम इंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारू नका, शेजारी मुलगा उभा असताना तर मुळीच नाही.

स्वस्तातल्या एअरफ्लो सेन्सरबद्दल मला काळजी वाटते. तुम्ही एक बिघाड शोधत होतात, आणि त्यात दुसरा बसवला असण्याची शक्यता आहे. मूळ सेन्सर जपून ठेवला असेल तर तोच परत बसवा. तो मळला असेल तर त्याच्यासाठी मिळणाऱ्या खास क्लीनरने, तारेला बोट न लावता, धुऊन वाळवून बसवा. आकडे लिहायचे ते मूळ सेन्सर बसवून तीन-चार दिवस गाडी चालवल्यावर. इथून पुढे कुठलाही पार्ट बदलला तरी जुना गॅरेजमधून मागून घ्या.

आता गॅरेजशी बोलायचं कसं. मला वाटतं, आपल्या माणसांत एक सवय आहे आणि तुमच्या पत्रातही ती दिसते. पार्टाचे पैसे आपण कुरकुर न करता देतो, कारण पार्ट डोळ्यांना दिसतो. तासभर विचार करून, मोजून, 'इथे चीर आहे' असं सांगणाऱ्याला शंभर-दीडशे डॉलर द्यायचे म्हटले की जिवावर येतं. 'त्याने केलं काय?' असं वाटतं. मग गॅरेजवालाही निदानात वेळ घालवत नाही, पार्ट विकून त्यातच मजुरी काढतो. त्याला हा रस्ता आपणच दाखवलेला असतो. तुम्ही गेल्यावर असं सांगा : "आज काहीही बदलू नका. मला एका तासाचं निदान हवंय, त्याचे पैसे मी देतो. दोन्ही बँकांचे फ्यूएल ट्रिम आयडलला आणि अडीच हजारला बघा, हे माझे घरचे आकडे. मग स्मोक टेस्ट करा आणि धूर कुठून येतो ते मला दाखवा." याला तो राजी झाला नाही किंवा ट्रिम न बघताच इंजेक्टरचा हट्ट धरला, तर जुन्या बीएमडब्ल्यूवर काम करणारं दुसरं गॅरेज शोधा.

ब्रीदर गेला असेल तर मजुरी पार्टापेक्षा बरीच जास्त होईल, कारण तिथवर पोचायला बरंच काही सोडवावं लागतं. तेव्हा सोडवलेल्या भागातले सगळे रबरी पाइप आणि सील एकदमच बदलून घ्या. एक पाइप नवा आणि शेजारचा वीस वर्षांचा ठेवलात तर पुढच्या हिवाळ्यात तेच काम पुन्हा निघेल. काम झालं याची खूण दिवा विझला ही नाही, तो तर पुसूनही विझतो. आठवड्याने पुन्हा तेच चार आकडे बघा. पाचच्या आत आले असतील तर दुरुस्ती खरी.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. तीन महिने प्रत्येक रविवार गॅरेजमध्ये आणि अकराशे डॉलर त्या दिव्यामागे गेल्यावर 'विकून टाका' हे रागाचं नाही, थकव्याचं वाक्य असतं. पण दिवा लागलेला असताना विकायचा निर्णय घेऊ नका. गिऱ्हाईक तो दिवा बघून मनात सगळ्यात महागड्या दुरुस्तीची किंमत धरतो आणि तेवढी वजा करतो. दोनशेच्या नळ्यांमुळे तुमची दोन हजारांनी किंमत पडेल. आधी निदान, मग दुरुस्ती, मग इन्स्पेक्शन. त्यानंतर दोघं बसून ठरवा. आणि त्या बैठकीत एक आकडा आधीच ठरवून ठेवा : वर्षाला या गाडीवर घरातून किती जाऊ द्यायचे. वीस वर्षांच्या गाडीत रबर आणि प्लास्टिक जाणारच. कूलिंगच्या प्लास्टिकच्या टाक्या-पाइपांचं वयही तेच आहे, आणि तिथे कोड येण्याआधी इंजिन तापतं. हा खर्च ठरवून केला तर घरात भांडण होत नाही. तुम्ही आवडीने घेतलेली गाडी आहे, त्या आवडीसाठी कुणाची माफी मागायची गरज नाही. फक्त तिचं बजेट उघड असू द्या.

तोवर गाडी चालवायला हरकत नाही, दिवा स्थिर पिवळा आहे तोपर्यंत. तो लुकलुकायला लागला तर इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातंय. मग बाजूला घ्या आणि बंद करा. ते कन्व्हर्टर खरोखरच बदलावे लागतील अशी वेळ आणू नका.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी थोडं, कारण लीनचा कोड तिकडच्या पत्रांतही वाढलाय. एक किलो शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा पुरते. ई२० ला सुमारे साडेतेरा. म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेल्या इंजिनाला आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं, आणि ही वाढ ट्रिममध्येच दिसते. वीस-पंचवीसच्या मर्यादेतले आठ-नऊ असे आधीच खर्च झालेले असतात. पूर्वी चालून गेली असती अशी बारीक गळतीही आता दिवा लावते. त्यात इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. तुमची आयडलची आणि रेसची ट्रिम दोन्हीकडे सारखी आठ-नऊ असेल आणि दिवा नसेल, तर घाबरू नका. आयडलला त्याहून बरीच चढत असेल तर रबरी नळ्या बघा. पेट्रोलचे पाइप तर दर सर्व्हिसिंगला हाताने दाबून बघा; तिथली गळती हवेची नसते, आगीची असते.

आणि न्यू जर्सीकर, येत्या शनिवारी मुलाला बरोबर घ्या, बोनेट उघडा, वही-पेन ठेवा. इंजिन गरम झाल्यावर आयडलचे दोन आकडे, अडीच हजारचे दोन. ऑइलचं झाकण उचलताना किती जोर लागला. नळ्यांच्या घड्या ताणल्यावर काय दिसलं. हे मला कळवा, गॅरेजची वेळ त्यानंतर घ्या.